महामारी आली की हवामान बदलाची काळजी कुठे जाते?

एप्रिल २०२० मधला एक फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. 'लॉकडाऊनमुळे ओझोनचं भोक बुजलं, पृथ्वी बरी होतेय', आणि खाली हात जोडलेले इमोजी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो एका दिवसात चार जणांनी टाकला, आणि तेव्हा टीव्हीवर दिवसभर रुग्णांचे आकडे आणि ॲम्ब्युलन्सच दिसत होत्या त्यामुळे अशी एखादी चांगली बातमी सगळ्यांनाच हवी होती. भोक बुजलं होतं हे खरं. उत्तर ध्रुवावर त्या वर्षी एरवीपेक्षा खूप मोठं भोक पडलं होतं आणि ते एप्रिलच्या शेवटी मिटलं. पण मिटलं ते ध्रुवावरच्या थंड वाऱ्यांचा भोवरा मोडला म्हणून, आपण घरात बसलो होतो म्हणून नाही. आणि ओझोनचं भोक आणि हवामान बदल या तशाही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला तो फॉरवर्ड अजून आठवतो कारण त्यानंतर दीड-दोन वर्षं एकच वाद मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. कोणी म्हणायचं कोरोनाने लोकांचे डोळे उघडले, आता लोक निसर्गाला जपतील. कोणी म्हणायचं छे, माणसं मरतायत, नोकऱ्या चालल्यात, आता कुणाला पडलंय हिमनगांचं. परत २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूची भीती पसरली, त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट सापडायला लागले, आणि पुन्हा तोच प्रश्न माझ्या डोक्यात आला की रोगाची भीती आली की बाकीच्या भीतींचं काय होतं? यावर चांगला अभ्यास झालाय आणि त्याचं उत्तर वरच्या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी हवामान बदल म्हणजे काय ते एकदाच

कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखी उष्णता धरून ठेवतो. गोधडी दरवर्षी थोडी जाड होतेय, म्हणून उन्हाळे, पाऊस, वादळं सगळ्याचं गणित बिघडतंय. रस्त्यावरचा धूर आणि धूळ हे वेगळं, ते दोन पावसात धुऊन जातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा जो वायू आपण रोज हवेत सोडतो त्याला कार्बन उत्सर्जन म्हणतात, खाली मी नुसतं उत्सर्जन म्हणेन.

डोक्यात एका वेळी किती काळज्या मावतात?

मानसशास्त्रात एक कल्पना आहे, काळजीचा मर्यादित साठा. पॅट्रिशिया लिनव्हिल आणि ग्रेगरी फिशर या दोघांनी १९९१ मध्ये ती मांडली आणि एल्के वेबर यांनी २००६ मध्ये ती हवामान बदलाला लावून दाखवली. म्हणणं साधं आहे. माणसाकडे काळजी करायची ताकद ठरावीकच असते, एका गोष्टीची काळजी वाढली की दुसरीची कमी होते.

घरातलंच बघा ना. पावसाळ्यात स्लॅब गळतोय, दर वर्षी ठरतं की या वर्षी वॉटरप्रूफिंग करून घेऊ, आणि नेमकं तेव्हाच आईला हॉस्पिटलात ॲडमिट करावं लागतं. मग गळणाऱ्या जागेखाली बादली ठेवायची आणि पळायचं हॉस्पिटलात. स्लॅबचा विषयच घरात निघत नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात असं काही ना काही झालेलं असतं, त्यामुळे ही कल्पना ऐकल्या ऐकल्या पटते.

आणि तिला पुरावाही होता. २००८ ची जागतिक मंदी आठवते का? अमेरिकेत गॅलप ही संस्था दर वर्षी लोकांना विचारते की तापमानवाढीची तुम्हाला किती काळजी वाटते. बऱ्यापैकी किंवा खूप काळजी वाटते म्हणणारे २००८ मध्ये ६६ टक्के होते, २०११ मध्ये ते ५१ वर आले. मॅथ्यू कान आणि मॅथ्यू कॉचेन या दोन अर्थतज्ज्ञांनी गूगलवर लोक काय शोधतात ते तपासलं, तर ज्या राज्यात बेकारी वाढली तिथे 'ग्लोबल वॉर्मिंग' शोधणं कमी झालेलं आणि 'बेरोजगारी' शोधणं वाढलेलं. पोटावर आलं की लांबचं संकट मागे पडतं, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला.

त्यामुळे मार्च २०२० मध्ये या विषयातल्या बहुतेकांना वाटत होतं की आता पुन्हा तेच होणार, आणि जास्त जोरात होणार, कारण या वेळी मंदी आणि मरण दोन्ही एकदम आलं होतं.

मग कोरोनात तसं झालं का?

नाही झालं.

येल आणि जॉर्ज मेसन या दोन विद्यापीठांनी एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मृतदेह ठेवायला जागा नव्हती त्या दिवसांत, अमेरिकेत सर्व्हे घेतला. तापमानवाढ होतेय असं मानणारे ७३ टक्के निघाले, म्हणजे त्यांच्या इतक्या वर्षांच्या सर्व्हेतल्या सर्वात वरच्या आकड्याइतके. काळजी वाटते म्हणणारे ६६ टक्के. ब्रिटनमध्ये तर संशोधकांनी त्याच माणसांना एप्रिल २०१९ मध्ये आणि परत जून २०२० मध्ये विचारलं, हा प्रकार जास्त भरवशाचा कारण माणसं बदलत नाहीत, मधे फक्त कोरोना येऊन गेलेला. हवामान बदलाबद्दलचं त्यांचं मत काही ढिलं पडलेलं नव्हतं. इप्सॉस या सर्व्हे घेणाऱ्या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये भारतासह १४ देशांत विचारलं, तर ७१ टक्के लोक म्हणाले की लांबचा विचार केला तर हवामान बदल हे कोरोनाइतकंच गंभीर संकट आहे. त्याच वर्षाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मोबाईल गेमच्या जाहिरातींमधून ५० देशांतल्या १२ लाख लोकांना प्रश्न विचारले, त्यात ६४ टक्क्यांनी हवामान बदल ही आणीबाणी आहे असं सांगितलं.

भारताचं विचाराल तर येल आणि सीव्होटर यांनी ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात, म्हणजे डेल्टाच्या लाटेची जखम ताजी असताना, फोनवर सर्व्हे घेतला. ८१ टक्के लोकांना काळजी वाटत होती, त्यातही ५० टक्के म्हणाले खूपच वाटते. हाच आकडा २०११ मध्ये २० टक्के होता. दहा वर्षांत अडीच पट, आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं महामारीची.

का झालं असावं असं? एक कारण मानसशास्त्रातलंच आहे आणि ते साठ्याच्या कल्पनेच्या बरोबर उलट जातं. ज्यांची कोरोनाची काळजी वाढली त्यांची हवामानाचीही वाढलेली दिसली. भीती एका कप्प्यात बसत नाही, पसरते. एकदा लक्षात आलं ना की जग असं एका महिन्यात उलटंपालटं होऊ शकतं, की मग दुसऱ्या संकटांचे इशारेही खरे वाटायला लागतात. दुसरं म्हणजे २००८ ते २०२० च्या मधल्या काळात विषय स्वतःच मोठा झाला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये जगभर लाखो मुलं हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर आली होती, मुंबई-पुण्यातही आली होती, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत एका रात्रीत झाडं तोडली तेव्हा मुंबईत काय झालं ते आपण पाहिलंय. हे मत आता सहज पुसलं जाण्यातलं राहिलं नव्हतं.

आणि तिसरं कारण, माझ्या मते आपल्यासाठी सर्वात मोठं. संकटं थांबलीच नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर असं वादळ येणं फार क्वचित घडतं. माझ्या मामाची वाडी त्याच पट्ट्यात आहे, नारळ आणि सुपारीची. लॉकडाऊन होता, मुंबईहून कोणी मदतीला येऊ शकत नव्हतं, आलंच तर गावात घ्यायचं की नाही यावर भांडणं, कौलं उडालेल्या घरात अंतर ठेवून राहायचं कसं. वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं, आम्हाला तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मुंबईत बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या जंबो कोविड सेंटरमधल्या ५८० पेशंटना दुसरीकडे हलवावं लागलं कारण ती सेंटर तंबूची होती. आणि २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस, त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली, त्याच दिवशी महाडजवळ तळीयेवर डोंगर कोसळला. ज्याने हे अंगावर घेतलं त्याला 'कोरोना मोठा की हवामान मोठं' हा प्रश्नच विचारून बघा.

काळजी तशीच, मग कमी काय झालं?

लक्ष.

मला वाटतं सगळ्या विषयातलं हे एक समजलं तरी पुरे. काळजी आणि लक्ष या दोन गोष्टी आहेत. आईला ॲडमिट केलंय म्हणून स्लॅब गळतोय हे आपण विसरत नाही, कोणी विचारलं तर लगेच सांगू की हो, करायचंय ते काम. पण आपण वर बघत नाही. मिस्त्रीला फोन करत नाही. काळजीचा साठा मर्यादित असतो का नसतो यावर वाद घालता येईल, पण दिवसाचे तास मात्र चोवीसच असतात आणि पेपरचं पहिलं पान एकच असतं.

संशोधकांनी हे वेगवेगळं मोजलं तेव्हा नेमकं हेच दिसलं. ट्विटरवरच्या हवामान बदलाच्या चर्चा कोरोनाचे आकडे वाढले की कमी व्हायच्या. बातम्यांमधली जागा कमी झाली. शाळकरी मुलांचे शुक्रवारचे संप ऑनलाइन गेले, आणि पोस्टर धरलेला सेल्फी कितीही मनापासून टाकला तरी तो रस्ता अडवत नाही. ग्लासगोची जागतिक हवामान परिषद २०२० ची २०२१ वर ढकलली गेली. लोकांना विचारलं तर काळजी होती तेवढीच. फक्त कोणी विचारत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल काळजी शाबूत आहे ना, मग लक्ष येईल परत, काय बिघडलं? बिघडतं ते असं की निर्णय थांबत नाहीत.

२३ मार्च २०२० ला, म्हणजे देशव्यापी लॉकडाऊन जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला. सोप्या भाषेत, एखादा कारखाना, खाण, धरण, महामार्ग उभा करायच्या आधी त्याने आसपासच्या माणसांचं आणि निसर्गाचं काय होईल हे तपासायचे आणि लोकांचं ऐकायचे नियम. त्यावर हरकती पाठवायची मुदत चालू असताना अर्धा देश पायी घरी चालला होता. ७ एप्रिलला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली आणि गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीला आणि महामार्गाला तिथे हिरवा कंदील मिळाला. १८ जूनला ४१ कोळसा खाणींचा व्यावसायिक लिलाव सुरू झाला, त्यात आपल्या चंद्रपूरचा ताडोबाजवळचा बंदर ब्लॉकही होता.

हे सगळं मुद्दाम त्या काळात साधून केलं का, हा माझा मुद्दा नाही. सरकारी कामाची स्वतःची एक गती असते आणि फाईल पुढे सरकतेच. मुद्दा हा की एरवी अशा फाईलसमोर जी माणसं उभी राहतात ती घरात अडकलेली होती.

आणि तरी बघा काय झालं. मसुद्यावर हरकतींची मुदत कोर्टात जाऊन ११ ऑगस्टपर्यंत वाढली आणि सुमारे १७ ते २० लाख हरकती गेल्या. बऱ्याचशा घरात बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी पाठवलेल्या, कोणी मराठीत पीडीएफ बनवून, कोणी इन्स्टावर समजावून. तो मसुदा जसाच्या तसा लागू झाला नाही, नियम नंतर छोट्या छोट्या दुरुस्त्यांनी बदलत राहिले ही गोष्ट वेगळी आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. बंदर ब्लॉक राज्याच्या विरोधानंतर यादीतून वगळला. आणि गोव्यात १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या रेल्वे रुळांवर हजारो माणसं मास्क लावून मेणबत्त्या घेऊन पहाटेपर्यंत बसली, कारण मोलेच्या जंगलातून रेल्वेमार्गही दुपदरी व्हायचा होता आणि त्यावरून कोळसा जाणार असं त्यांना दिसत होतं. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. म्हणजे लक्ष टिकलं, पण कुठे टिकलं? जिथे धोका घराच्या दारात होता तिथे.

पण लॉकडाऊनमध्ये निसर्ग बरा झालाच ना?

हवा स्वच्छ झाली होती हे खरं. जालंधरहून धौलाधारची बर्फाची शिखरं दिसायला लागली, पुण्यात आमच्या गच्चीवरून मला आयुष्यात पहिल्यांदा सिंहगडाचा टॉवर सकाळी इतका स्वच्छ दिसला. पण वर सांगितलेला फरक आठवा, ही धुराची गोष्ट आहे, गोधडीची नाही.

किराणावाल्याकडच्या उधारीच्या वहीसारखं समजा. तुम्ही दर वर्षी शंभर रुपयांची उधारी वाढवताय. एका वर्षी हात आखडून पंचाण्णवच केलीत. छान, पण वहीतली एकूण बाकी वाढलीच ना? २०२० मध्ये नेमकं हेच झालं. एप्रिलच्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली होतं, पूर्ण वर्षाचा हिशेब केला तर सुमारे ५ टक्के घट, आणि २०२१ मध्ये ती जवळपास सगळी भरून निघाली. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, तिथे मे २०१९ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ४१५ भाग होता, मे २०२० मध्ये ४१७. जग बंद असताना नवा उच्चांक. पिअर्स फोर्स्टर या ब्रिटिश हवामान शास्त्रज्ञाने मुलीची परीक्षा रद्द झाली म्हणून तिलाच हाताशी घेऊन हिशेब केला, तर लॉकडाऊनमुळे २०३० पर्यंत तापमानात फरक पडणार ०.०१ अंशाचा.

लोकांच्या मतांच्या दृष्टीने ती फॉरवर्डं मला म्हणूनच घातक वाटतात. त्यातून दोन चुकीचे धडे गेले. एक, की निसर्ग आपोआप बरा होतो, आपण जरा बाजूला झालो की झालं. दुसरा त्याहून वाईट, की हवामान वाचवणं म्हणजे लॉकडाऊन. दुकानं बंद, गाड्या बंद, माणसं घरात कोंडलेली. २०२० च्या शेवटापासून 'क्लायमेट लॉकडाऊन' येणार अशी अफवा युरोप-अमेरिकेत फिरायला लागली आणि ऑक्सफर्डमध्ये साधे ट्रॅफिक कमी करायचे नियम आणायचं ठरलं तर २०२३ मध्ये त्याविरुद्ध लोक त्याच भीतीने रस्त्यावर उतरले. आणि तो 'माणूस हाच व्हायरस आहे' वाला मेसेज. रेल्वेरुळावर झोपलेली माणसं चिरडली गेली त्या महिन्यात आपण तो एकमेकांना पाठवत होतो, मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. ज्यांचं उत्सर्जन जवळपास काहीच नाही तेच चालत होते.

आधी पोटोबा मग विठोबा, यात चूक काय?

काहीच चूक नाही. हातात पैसा नाही त्या माणसाला तू २०५० ची काळजी कर म्हणणं मलाही पटत नाही. आणि २००८ चा अनुभव सांगतो की लोकांना हवामानापासून दूर नेणारी गोष्ट रोगापेक्षा बेकारी आहे. २०२० मध्ये श्रीमंत देशांत लोकांची मतं टिकली त्याचं एक कारण हेही असणार की सरकारांनी घरबसल्या खात्यात पैसे टाकले. जिथे ते झालं नाही तिथला माणूस सर्व्हेच्या फोनवर काय बोलला त्यापेक्षा तो कसा जगला हे बघायला हवं.

पण पोटोबा आणि विठोबा नेहमी वेगळे असतात असं नाही. मामाच्या वाडीत वादळाने झाडं आडवी केली तो पोटाचाच प्रश्न होता. १९१८ चं बघा, मुंबईत बोटीतून इन्फ्लुएन्झा उतरला आणि त्याच वर्षी पावसाने मोठा दगा दिला, उपाशी माणसं तापाने पटापट गेली. रोग आणि पाऊस एकत्र आले की गरिबाला दोन्हीकडून मार बसतो, तेव्हाही आणि आताही.

आणखी एक म्हणजे महामारीनंतर सरकारं अर्थव्यवस्था उठवायला प्रचंड पैसा ओततात, तो एरवी एकदम कधीच निघत नाही. तो कशावर खर्च होतो यावर पुढची वीस-तीस वर्षं ठरतात, कारण एकदा बांधलेलं वीजकेंद्र दोन वर्षांत कोणी पाडत नाही. युरोपीय संघाने जुलै २०२० मध्ये ७५० अब्ज युरोचं पॅकेज ठरवलं आणि त्यातला मोठा वाटा हवामानाच्या कामांना बांधून टाकला. इप्सॉसच्या त्या सर्व्हेत १४ देशांतले ६५ टक्के लोकही हेच म्हणत होते की अर्थव्यवस्था उभारताना हवामानाला प्राधान्य द्या. म्हणजे लोक तयार होते, पण आपल्यासारख्या देशांकडे तेवढा पैसाच नव्हता, आणि जो होता तो कुठे जातोय ते बघायला कोणाला वेळ नव्हता.

सर्व्हेत सगळे चांगलंच बोलतात हो

ही हरकत बरोबर आहे. काळजी वाटते म्हणायला पैसे पडत नाहीत. मत एकीकडे आणि सवय एकीकडे असं महामारीत फार ठळक दिसलं. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल बंद झाली, सर्वसामान्यांसाठी ती फेब्रुवारी २०२१ मध्ये थोड्या वेळा चालू झाली, एप्रिलमध्ये परत बंद, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश. दीड वर्ष. या दीड वर्षात ज्याला जमलं त्याने स्कूटर घेतली, सेकंडहँड गाडी घेतली, आणि एकदा दाराशी गाडी आली की माणूस परत बसच्या रांगेत उभा राहत नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशवी जरा अंगवळणी पडत होती, ती कोरोनात संशयाने बघितली जायला लागली आणि सगळं परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून यायला लागलं. यातल्या एकाही माणसाचं हवामान बदलाबद्दलचं मत बदललं नव्हतं.

म्हणून महामारीने मतं बदलली का एवढंच विचारलं तर उत्तर अर्धंच मिळतं. सवयी आणि सोयी तिने जास्त बदलल्या, आणि त्या मतांपेक्षा चिवट असतात.

जग कोरोनासाठी थांबलं, मग हवामानासाठी का नाही?

कोरोनाची गणितं आपल्या आवाक्यातली होती. चौदा दिवस. हात धुतले, मास्क लावला, तर ज्याला वाचवायचं तो आजोबा शेजारच्या खोलीत दिसतो. हवामानात मी आज कमी जाळलं त्याचा फायदा तीस वर्षांनी, दुसऱ्याच गावातल्या, अजून जन्मालाही न आलेल्या पोराला. आपलं मन असल्या हिशेबासाठी घडलेलंच नाही.

आणि दुसरं, थांबणं सक्तीचं होतं. सक्ती थोडे दिवस चालते. पुण्याला हे नव्याने सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज अधिकारी रँडने घरोघरी सोल्जर घुसवले, हेतू साथ थांबवायचा होता पण पद्धत अशी की लोक रोगापेक्षा झडतीला घाबरले, आजारी माणसं लपवायला लागले, आणि शेवटी २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी त्याला गोळी घातली. त्याच प्लेगमधून मुंबईत दुसरी गोष्ट निघाली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला, रुंद रस्ते आले, दादर-माटुंग्याची आखणी झाली, घरात हवा आणि उजेड हवा हे नियमात आलं. त्यातही गरिबांची घरं पाडली आणि त्यांना पुरेशी जागा दिली नाही, ते विसरून चालणार नाही. पण प्लेगची भीती ओसरल्यावरही तो रस्ता रुंदच राहिला.

आपल्याकडे कोरोनाच्या काळात अशा काही गोष्टी झाल्या. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावातच 'वातावरणीय बदल' आलं, २ ऑक्टोबर २०२० ला माझी वसुंधरा अभियान सुरू झालं आणि गावागावांच्या ग्रामपंचायती त्यात उतरल्या, मार्च २०२२ मध्ये मुंबईचा स्वतःचा हवामान कृती आराखडा आला. कागदावर आलेलं सगळं जमिनीवर येतं असं मी म्हणत नाही. पण लोकांचं लक्ष दुसरीकडे असताना निदान कागद तरी जागेवर राहतो, आणि त्या कागदावर बोट ठेवून विचारता येतं.

मामाला मी मध्ये एकदा विचारलं होतं, २०२० म्हटलं की तुला आधी काय आठवतं, कोरोना का वादळ? त्याला प्रश्न नीट कळलाच नाही. त्याच्यासाठी ते एकच वर्ष होतं. त्या पावसाळ्यात त्याने पडलेल्या झाडांच्या जागी परत सुपारीची रोपं लावली, तोंडाला रुमाल बांधून, मजूर मिळत नव्हते म्हणून मामी आणि तो दोघांनीच. सुपारीला धरायला सहा-सात वर्षं जातात. ती रोपं आता कुठे धरायला लागलीत.